नवी गाडी एका बाजूला का ओढते?



स्मरणिकेत दरवर्षी धम्म, शिक्षण, आरोग्य अशा विषयांवर लेख असतात. त्यांत मोटारीच्या चाकांवरचा लेख काहींना विजोड वाटेल. परंतु कार्यक्रमाच्या दिवशी विहाराबाहेर पूर्वी सायकली आणि स्कूटरी लागत, आता मोटारीही लागतात. त्यांतल्या बऱ्याचशा त्या त्या घरातल्या पहिल्याच मोटारी आहेत आणि बहुतेक कर्जाच्या हप्त्यांवर घेतलेल्या आहेत. घरात यापूर्वी मोटार नसल्यामुळे वडीलधाऱ्यांकडून चार गोष्टी कळाव्यात अशी सोय नाही. सर्व्हिस सेंटरमधला कडक इस्त्रीच्या शर्टातला माणूस सांगेल ते मान डोलावून ऐकायचे आणि बिल भरायचे, असे चालते. माझी सारी नोकरी एस.टी.च्या कार्यशाळेत झाली, म्हणून असे प्रश्न घेऊन मंडळी माझ्याकडे येतात. त्यांतलाच एक येथे मांडतो.

आपले एक सभासद नवी गाडी घेऊन घरच्यांसह समृद्धी महामार्गाने दीक्षाभूमीला जाऊन आले. गाडी जेमतेम चार महिन्यांची. परत आल्यावर म्हणाले, "काका, दोन्ही खांदे भरून आले. गाडी सारखी डावीकडे ओढते. सबंध रस्ता स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरावे लागले. मागे आई बसलेली, डोळा लागला असता तर काय झाले असते?" तोवर त्यांनी तीन वेळा पैसे भरून व्हील अलाइनमेंट करून घेतले होते. तिन्ही वेळा यंत्राच्या छापील कागदावर सगळे आकडे हिरवे, आणि तिन्ही वेळा गाडी डावीकडेच. शेवटी त्यांना सांगण्यात आले की या मॉडेलच्या सगळ्याच गाड्या अशा असतात, हळूहळू सवय होईल.

भगवंतांनी कालामांना केलेला उपदेश आपण विहारात कितीदा तरी ऐकला आहे. केवळ कोणी अधिकारी माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, असा त्याचा आशय. तो मोटारीच्या बाबतीतही लागू करावयास हरकत नसावी.

प्रथम तक्रार नेमकी कोणती ते ठरवले पाहिजे. लोक तीन निरनिराळ्या गोष्टींना एकच नाव देतात. स्टिअरिंग हातात थरथरते, ही एक तक्रार. तिचा संबंध बहुधा चाकांच्या बॅलन्सिंगशी असतो, अलाइनमेंटशी नाही. गाडी सरळ जाते परंतु स्टिअरिंगचे चाक वाकडे राहते, ही दुसरी. आणि हात सैल सोडताच गाडी एका बाजूला निघते, ही तिसरी. तिलाच ओढ म्हणावे. "गाडी नीट चालत नाही" एवढेच सांगितले तर समोरचा त्याला सोयीचे असेल तेच काम करून देतो.

दुसरी गोष्ट रस्त्याची. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून आपल्याकडचे रस्ते मध्ये उंच व कडेला उतरते बांधतात. आपण डावीकडून चालतो, म्हणून बिनदोष गाडीसुद्धा हात सैल केल्यावर सावकाश डावीकडे सरकते. हा दोष नव्हे. काहीजण त्याच रस्त्याने उलट दिशेने येऊन पाहतात व "येतानाही डावीकडेच गेली" म्हणून गाडीला दोष देतात. परंतु येतानाही आपण डाव्या बाजूलाच असतो आणि उतारही डावीकडेच असतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. जाऊन-येऊन पाहण्याचा उपयोग वाऱ्याचा परिणाम ओळखण्यापुरता. खरी परीक्षा सपाट, रुंद व मोकळ्या जागी करावी, बेताच्या वेगाने. हात स्टिअरिंगवरून काढू नयेत, फक्त पकड सैल करावी. याउलट नेहमीच्या रस्त्यावर गाडी उजवीकडे ओढत असेल, तर ती बहुधा उतार चढून जात आहे, आणि मग गाडीतच काहीतरी आहे असे समजावे.

तिसरी गोष्ट अगदी साधी, पण रोज चुकते ती. हवा. ज्या बाजूच्या टायरात हवा कमी, त्या बाजूला गाडी ओढते. टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेल्या आकड्याप्रमाणे हवा भरावी व पुढच्या दोन्ही चाकांत सारखी आहे ना ते पाहावे. पेट्रोल पंपावरच्या दोन मीटरांत फरक असू शकतो, म्हणून चारही चाके एकाच मीटरने तपासावीत. नायट्रोजन भरल्याने ओढ जाते असे सांगणारे भेटतात. दाब असमान असेल तर नायट्रोजन भरूनही ती तशीच राहणार.

आता अलाइनमेंट म्हणजे काय ते पाहू. यंत्र मुख्यतः तीन कोन मोजते. समोरून पाहिले असता चाक किती आत वा बाहेर कलले आहे, तो कॅम्बर. स्टिअरिंग फिरवताना चाक ज्या आसाभोवती फिरते तो आस बाजूने पाहिला असता किती मागे कलला आहे, तो कॅस्टर. सायकलचे पुढचे चाक धरणारा दांडा सरळ उभा नसतो, मागे झुकलेला असतो, तसाच हा प्रकार. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते ते मुख्यत्वे यामुळे. आणि वरून पाहिले असता चाकांची पुढची टोके एकमेकांकडे वळली आहेत की बाहेर फाकली आहेत, तो टो. माणूस चालताना पायाचे अंगठे आत वा बाहेर टाकतो, तसे.

या तिन्हींची कामे वेगळी आहेत, आणि सगळा घोटाळा येथेच होतो. कॅम्बर दोन्ही बाजूंना सारखा नसेल, तर ज्या बाजूचे चाक वरच्या अंगाने अधिक बाहेर कललेले त्या बाजूला गाडी ओढते. कॅस्टर सारखा नसेल, तर तो जिकडे कमी तिकडे ओढते. पुढच्या चाकांचा टो मात्र एरवी गाडीला ओढत नाही. तो चुकला तर दोन्ही चाके तो फरक आपसात वाटून घेतात. स्टिअरिंग वाकडे होते आणि टायर खातो, पण गाडी बाजूला पळत नाही. आता गंमत अशी की आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढचा टो एवढाच कोन टाय रॉड फिरवून नेहमीच्या कामात बदलता येतो. कॅम्बर व कॅस्टर कारखान्यात ठरलेले असतात, आणि मागच्या चाकांना तर बहुधा काहीच करता येत नाही. म्हणजे आपण ओढीची तक्रार घेऊन जातो आणि मेकॅनिक टो लावून देतो. त्याच्याकडे दुसरा नट फिरवायला नसतो. आपल्या सभासदांच्या गाडीचे तीन वेळा झाले ते हेच.

टो क्षुल्लक आहे असा मात्र याचा अर्थ घेऊ नये. एखादे चाक सरळ रेषेपासून केवळ ०.२ अंश वळलेले असले, तर हिशेबाने प्रत्येक किलोमीटरला ते सुमारे साडेतीन मीटर आडवे घासले जाते. समृद्धी महामार्गाची पुरी लांबी ७०१ किलोमीटर आहे. एका फेरीत तो टायर जवळजवळ अडीच किलोमीटर आडवा फरफटला असे होईल. आणि ०.२ अंश म्हणजे किती? चौदा इंची रिमच्या पुढच्या व मागच्या कडेत सव्वा मिलिमीटरचा फरक. डोळ्यांना तो दिसत नाही. म्हणून टायरच्या आतल्या कडेवरून महिन्यातून एकदा हात फिरवावा. वरून टायर नवा दिसतो आणि आतल्या कडेला गुळगुळीत झालेला असतो, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. खाचेतली झीजदर्शक खूण १.६ मिलिमीटरवर असते. तिथवर एक कड जरी आली तरी टायर संपला असे समजावे. महामार्गावर वेगात असताना असा टायर फुटणे म्हणजे काय, ते सांगण्याची गरज नाही.

तर मग त्या गाडीत ओढ कशाची होती? कागद पाहिला. कॅम्बर, कॅस्टर दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखे होते. हे तपासणे आवश्यक होते, कारण कधी कधी एका बाजूचा आकडा मर्यादेच्या वरच्या टोकाला व दुसऱ्या बाजूचा खालच्या टोकाला असतो. दोन्ही हिरवे दिसतात, पण त्यांच्यातला फरक गाडी ओढण्यास पुरेसा असतो. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाहून अधिक फरक नसावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. नव्या गाडीत असा फरक निघाला तर काहीतरी वाकले आहे किंवा जागचे सरकले आहे, असे धरून चालावे. पावसाळ्यातला एक खोल खड्डा खालचा आर्म वाकवायला पुरतो. त्यावर उपाय तो भाग तपासून बदलण्याचा, पुन्हा टो लावण्याचा नाही.

आकडे बरोबर होते, म्हणून पुढचे दोन टायर डावीकडचा उजवीकडे व उजवीकडचा डावीकडे, असे रिमसह बदलले आणि त्याच मोकळ्या रस्त्यावर गाडी नेली. गाडी उजवीकडे ओढू लागली! सभासद माझ्याकडे बघतच राहिले. ओढ टायरबरोबर दुसऱ्या बाजूला गेली होती. दोष टायरचा होता.

हे कसे होते? टायरच्या आत पोलादी तारांचे पट्टे असतात. बनवताना ते मध्यापासून थोडे जरी सरकले, तरी हवा भरल्यावर टायर किंचित शंकूसारखा वागतो. चहाचा कागदी पेला जमिनीवर आडवा ठेवून ढकलून पाहा. तो सरळ जात नाही, निमुळत्या बाजूकडे वळत जातो. टायर बाहेरून पाहून यातले काहीच कळत नाही. अलाइनमेंटच्या यंत्रालाही कळत नाही, कारण यंत्राचे चिमटे रिमला बसतात आणि ते रिमचा कोन मोजते, रबराचा नव्हे. म्हणून कागद हिरवाच येतो. तो कागद खोटा नसतो. त्याने आपला प्रश्न मोजलेलाच नसतो. अदलाबदल करण्यापूर्वी एक पाहावे. ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो दुसऱ्या बाजूला लावू नये. अशा वेळी पुढचे टायर त्याच बाजूला मागे व मागचे पुढे लावून ओढ जाते का ते बघावे.

ब्रेकचाही विचार करावा. ब्रेक दाबतानाच गाडी ओढत असेल तर दोष ब्रेकमध्ये शोधावा. नेहमीच ओढत असेल आणि फेरीनंतर एका चाकाचा रिम दुसऱ्यापेक्षा फार तापलेला असेल, तर कॅलिपर अडकला असण्याचा संभव आहे. हात रिमच्या जवळ न्यावा, लावू नये. फक्त जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर स्टिअरिंग किंचित ओढत असेल, तर पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या काही गाड्यांचा तो स्वभावच असतो.

नव्या गाड्यांत आणखी एक भर पडली आहे. त्यांचे स्टिअरिंग विजेच्या मोटरच्या मदतीने वळते, आणि स्टिअरिंग किती वळले हे सांगणारा सेन्सर बसवलेला असतो. अलाइनमेंट करताना स्टिअरिंगचा मध्य बदलला, तर त्या सेन्सरचे शून्यही अनेक गाड्यांत स्कॅनर लावून पुन्हा नेमावे लागते. रस्त्याकडेच्या दुकानात हे क्वचितच करतात. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो किंवा स्टिअरिंग मध्यावर नीट परतत नाही. काही गाड्यांना लेन सांभाळणारा कॅमेरा असतो. रस्त्यावरच्या पट्ट्या पाहून तो स्वतःच स्टिअरिंग हलवतो, आणि ज्याला हे ठाऊक नाही त्याला गाडी ओढते आहे असे वाटते. ती सोय बंद करून एकदा चालवून पाहावे. समोरची काच बदलली असेल तर त्या कॅमेऱ्याची जुळणीही पुन्हा करावी लागते.

अलाइनमेंटला गाडी नेताना डिकीतले जड सामान काढून ठेवावे. हवा, टायरची झीज आणि सांध्यांतली ढिलाई यंत्रावर चढवण्यापूर्वीच पाहिली गेली पाहिजे. बुश वा बॉल जॉइंट ढिला असताना लावलेला कोन टिकत नाही. कामापूर्वीचे व नंतरचे असे दोन्ही आकडे असलेला कागद मागावा. नुसते "हो गया साब" चालणार नाही. शेवटी मेकॅनिकला शेजारी बसवून गाडी चालवावी.

आणि तक्रार लेखी द्यावी. जॉब कार्डवर "अलाइनमेंट करणे" असे लिहू देऊ नये, तो उपाय झाला. "सपाट रस्त्यावर गाडी डावीकडे ओढते" असे लिहवून घ्यावे व प्रत जपून ठेवावी. व्हील अलाइनमेंट बहुतेक गाड्यांच्या वॉरंटीत फार थोडे दिवस असते किंवा नसतेच, परंतु टायरची हमी टायर बनवणारी कंपनी वेगळी देते, हे पुष्कळांना माहीत नसते. दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येते.

आपल्या सभासदांनी अदलाबदलीच्या परीक्षेची हकीकत कागदावर लिहून, तिन्ही अलाइनमेंटचे कागद जोडून अर्ज दिला. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने शेजारी बसून तीच परीक्षा पुन्हा केली. पंधरा दिवसांनी एक टायर बदलून मिळाला. अलाइनमेंटचे तीन वेळा भरलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत. त्यासाठीचा दुसरा अर्ज त्यांनी दिला आहे.