अहो कॅप्टन की अरे जिम?

पडद्यावरची नाती : लेखांक ५

विज्ञानकथा मालिकांच्या चाहत्यांची चर्चा यानाच्या वेगापेक्षा यानातल्या माणसांच्या नात्यांवर अधिक काळ रेंगाळते, आणि तिथे पुरावा म्हणून सर्वांत आधी पुढे केले जाते ते संबोधन, म्हणजे एका पात्राने दुसऱ्याला मारलेली हाक. मराठी बोलणाऱ्याला हा पुरावा इंग्रजी प्रेक्षकापेक्षा जास्त अडचणीत टाकतो, कारण इंग्रजीतल्या एकाच सर्वनामात तू, तुम्ही आणि आपण हे तिन्ही सामावतात, तर मराठीत संवाद नुसता सांगायचा म्हटला तरी त्यांतला एक पहिल्याच वाक्यात निवडावा लागतो.

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी मालिका १९६६ ते १९६९ या काळात ७९ भागांत दाखवली गेली आणि ऐंशीच्या दशकात दूरदर्शनमुळे ती भारतातल्या घरांत पोचली. कॅप्टन जेम्स कर्क हा एंटरप्राइझ यानाचा प्रमुख आणि स्पॉक हा त्याच्या हाताखालचा अधिकारी. स्पॉकचे वडील व्हल्कन ग्रहावरचे, आई पृथ्वीवरची, आणि व्हल्कनांची रीत अशी की भावना आवरायच्या आणि तर्काने चालायचे. १५ सप्टेंबर १९६७ रोजी प्रक्षेपित झालेल्या, थिओडोर स्टर्जन यांनी लिहिलेल्या ‘अमोक टाइम’ या भागात स्पॉकला स्वतःच्या विवाहविधीत कर्कशीच द्वंद्व करावे लागते, आणि डॉक्टर मॅकॉयच्या इंजेक्शनाने निपचित पडलेला कर्क आपल्या हातून मेला अशी त्याची खात्री होते. यानावर परतून तो शिक्षेला सामोरे जाण्याची भाषा करू लागतो, तोच मागून कर्क बोलतो. स्पॉक गर्रकन वळतो, ‘कॅप्टन!’ आणि लगेच ‘जिम!’ असे उद्गारत त्याचे दंड धरतो, चक्क हसतो, आणि डॉक्टर पाहत आहेत हे ध्यानात येताच चेहरा पुन्हा कोरा करतो. हुद्दा आणि घरगुती नाव यांच्यामध्ये श्वासभराचेही अंतर नाही. मराठीत सांगणाऱ्याला मात्र तेवढ्यातच ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यावे लागते, आणि तो आला की नात्याविषयीचे त्याचे मत उघडे पडते.

मनमाडसारख्या रेल्वेच्या गावात हा फरक वेगळा समजावून सांगावा लागू नये. इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने पुकारून सांगतात, हा नियमाचा भाग आहे; त्या पुकारण्यात मायाही नसते आणि दुरावाही नसतो, परंतु वर्षानुवर्षे एकाच केबिनमध्ये ड्युटी केल्याने जे जुळते त्याला ना बंधुभाव म्हणता येते ना नुसती ओळख. कर्क आणि स्पॉक यांचे नाते याच जातीचे, आदेश आणि उत्तर यांतून घडलेले आहे, आणि त्याला नाव नसल्यामुळेच चाहते ते शोधत बसतात.

इंग्रजी चाहत्यांनी त्यासाठी विरामचिन्ह वापरले. दोन नावांमध्ये तिरपी रेघ आली की ते प्रेमाचे नाते, असा संकेत रूढ झाला. १९७४ मध्ये ‘ग्रुप’ या चाहत्यांच्या नियतकालिकात ऑस्ट्रेलियाच्या डायान मार्चंट यांची या जोडीवरील पहिली प्रकाशित प्रेमकथा आली, ती दोघांपैकी एकाचेही नाव न घेता. क्रियापदातच लिंग सांगणाऱ्या मराठीत ही लपवाछपवी फार वेळ टिकली नसती. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी १९७९ च्या कादंबरीत मित्र, भाऊ आणि प्रियकर असे तिन्ही अर्थ एकत्र असलेला एक व्हल्कन शब्दच घडवला, म्हणजे वाद मिटवण्याऐवजी तो शब्दकोशात नेऊन ठेवला. पुढे ‘एक्स-फाइल्स’ या मालिकेच्या काळात तिच्यातले सहकारी मल्डर आणि स्कली यांचे जुळावे असे मानणारे ‘शिपर’ आणि प्रेमप्रकरण नकोच म्हणणारे ‘नोरोमो’ असे दोन पक्ष पडले. तिथे तर स्कलीने एकदा ‘फॉक्स’ अशी पहिल्या नावाने हाक मारताच आपण आईवडिलांनाही आडनावानेच हाक मारायला लावली, असे मल्डर सांगतो, त्यामुळे आडनाव हीच जवळीक की तोच दुरावा, यावर दोन्ही पक्षांना आपापले म्हणणे मांडता येते.

मराठीत नाती शोधण्याचा हा उद्योग नवा नाही. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा का, हा प्रश्न महाभारतातल्याच खुणा जुळवून विचारला : दोघांचाही संबंध धर्माशी आहे, आणि मरताना विदुर योगबळाने युधिष्ठिराच्याच देहात प्रवेश करतो. हे वाचन चांगल्या चाहत्याचे आहे, फक्त त्यांनी पाळलेली एक शिस्त चाहत्यांमध्ये क्वचित आढळते. द्रौपदीच्या शेवटच्या क्षणांचा प्रसंग स्वतः कल्पून लिहिताना, संहितेचा आधार कुठे संपतो हे त्यांनी वाचकाला स्पष्ट सांगितले, आणि पुढच्या आपल्या मजकुराला एकनाथांचा शब्द उसना घेऊन ‘नरोटी’ म्हटले. नरोटी म्हणजे खोबरे काढून घेतल्यावर उरते ती करवंटी.