आधी बोट बघा, मग स्प्रिंग

पनवेलच्या आसपास रिमोटची रेसिंग गाडी पळवायची तर मुरमाचं मोकळं मैदान शोधावं लागतं. वर भुसभुशीत धूळ, खाली टणक जमीन. एकास आठ मापाची फोर-व्हील बग्गी अशा जमिनीसाठी कशी लावावी याचे तक्ते आयते मिळतात. रिमोट गाड्यांच्या शर्यतीत जपानचा मासामी हिरोसाका 14 वेळा जगज्जेता झाला. अशा बड्या चालकांचं सेटिंग कंपन्या छापतात आणि आपण ते जसंच्या तसं उतरवून घेतो. गाडी तरीही वळणावर गिरकी घेते. तक्त्यात तेल, स्प्रिंग, चाकांचे कोन सगळं असतं, पण ते आपल्या बोटासाठी लिहिलेलं नसतं. रायगडात बैलगाडीच्या शर्यती बघितलेल्यांना हे नवं नाही: जोडी तीच, हाकणारा बदलला की धाव बदलते.

म्हणून एक अख्खी बॅटरी संपेपर्यंत मित्राला शेजारी उभं करा आणि गाडीकडे नव्हे, हाताकडे बघायला सांगा. ट्रिगर एका दमात दाबला जातो की हळूहळू? स्टिअरिंगचं चाक एकदम शेवटापर्यंत जातं की थोडं थोडं फिरतं? ब्रेक वळणाआधी लागतो की वळणात शिरल्यावर?

ट्रिगर झटक्यात दाबणाऱ्यासाठी पहिलं काम मधल्या डिफमध्ये, म्हणजे डिफरन्शियलमध्ये. पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद तिथूनच वाटली जाते. जोरात रेस दिली की गाडी मागे बसते, पुढची चाकं हलकी होतात. मधल्या डिफमध्ये तेल पातळ असेल तर ताकद या हलक्या चाकांकडे पळते, ती नुसती फिरतात आणि धक्का मुरतो. जाड तेल ही पळवाट बंद करतं. मागची चाकं जमीन खोदतात आणि गाडी उसळते. तेव्हा 7000 चं तेल असेल तर 5000 चं भरून बघा. बोट शांत असणाऱ्याला मात्र हीच गाडी वळणातून बाहेर येताना मेल्यासारखी वाटेल. त्याने 7000 वरच राहावं.

स्टिअरिंग झटक्यात फिरवणाऱ्याला पुढच्या स्प्रिंगा थोड्या कडक द्याव्यात आणि मागच्या चाकांचा टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली असण्याचा कोन) अडीच अंश असेल तर तीन करावा. गाडी नाक कमी मारते, शेपूट धरून ठेवते. सरळ रस्त्यावर वेग किंचित कमी होतो, तो जाऊ द्यावा. त्याआधी ट्रान्समीटरमधला एक्स्पो वापरून पाहा, तो फुकट आहे: मधल्या भागात चाक फिरवलं तरी गाडी सावकाश वळते. काही कंपन्यांत यासाठी आकडा वजा असतो, काहींत अधिक. उलटा भरला तर गाडी आणखी चिडते.

शॉकच्या तेलात मात्र पनवेलचं ऊन आड येतं. तेलावरचा आकडा 25 अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेला असतो. 40 अंशांवर तेच तेल जवळपास पाव हिश्शाने पातळ होतं. सकाळी छान चाललेली बग्गी दुपारी डुलते आणि दोष चालकाच्या माथी येतो. दुपारी एक पायरी जाड तेल भरा. भरताना दांडी पूर्ण खाली ओढा, तेल ओता, पिस्टन हळूहळू वरखाली करा. बारीक बुडबुडे वर येतील. ते विरेपर्यंत शॉक उभा ठेवा. घाईत झाकण लावलं तर चारही शॉक चार तऱ्हांनी वागतात आणि पुढची सगळी मोजणी वाया जाते.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी काही फेऱ्यांची वेळ लिहा. सगळ्यात वेगवान फेरीला मी फारसं मोजत नाही. चांगली आणि वाईट फेरी यांतलं अंतर घटलं तर बदल ठेवावा.

घरात दोघे भाऊ एकच गाडी पळवत असतील तर ट्रान्समीटरमध्ये दोन वेगळी मॉडेलं साठवता येतात. प्रत्येकाचा एक्स्पो, ब्रेक वेगळा. तेल आणि स्प्रिंगा मात्र झटक्या हाताच्या भावासाठी लावा. शांत हाताचा मंद गाडीशी जुळवून घेतो, दुसऱ्याला चपळ गाडी आवरत नाही.