तेल कमी, मलई तीच

तेल पातळ, व्हिनेगर त्याहून पातळ. पण अंड्याच्या बलकाबरोबर दोन्ही घुसळलं की चमच्याला धरून बसेल असं घट्ट मेयोनीज होतं! बलकातलं लेसिथिन तेलाच्या सूक्ष्म थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही, आणि विरार लोकलसारखी त्यांची एवढी दाटी होते की कुणाला हलताच येत नाही. अमेरिकी नियमानुसार मेयोनीजमध्ये वजनाने किमान ६५ टक्के तेल हवंच. त्यामुळे १०० ग्रॅमला जवळजवळ ७०० कॅलरी. कोलस्लॉ म्हणजे मेयोनीजमध्ये कालवलेला चिरलेला कोबी, आणि कोबीच्या कॅलरी जेमतेम २५. तेव्हा कोलस्लॉ जड होतं, त्यात बिचाऱ्या कोबीचा दोष नाही.

गंमत अशी, की जिभेला मलईदार लागायला तेलच लागतं असं नाही. श्रीखंडाचा चक्का आठवा. त्यात दुधातल्या प्रथिनांचं नाजूक जाळं पाणी आणि स्निग्ध कण धरून ठेवतं. स्निग्धांश मेयोनीजच्या पासंगालाही पुरत नाही. पाव किलो दही फडक्यात दोन-तीन तास टांगा. त्या चक्क्यात दोन चमचे मेयोनीज, चमचाभर व्हिनेगर, चिमूटभर साखर, मिरपूड आणि थोडी फेसलेली मोहरी घाला.

मोहरी का? अख्ख्या दाण्याला झणका नसतो. पेशींमध्ये सिनिग्रिन नावाचं द्रव्य एकीकडे, त्याला फोडणारं विकर दुसरीकडे. दाणा चिरडून पाण्यात फेसला की दोघं भेटतात आणि नाकात झिणझिण्या येतात. नुकत्याच चिरलेल्या कच्च्या कोबीचा उग्रपणाही याच सिनिग्रिनचा, कारण कोबी मोहरीच्याच कुळातला!

कोलस्लॉचा खरा शत्रू पाणी. कोबीत ते ९२ टक्के. कोशिंबिरीला मीठ आयत्या वेळी लावतात, इथे नेमकं उलटं. अर्धा किलो बारीक चिरलेल्या कोबीला दोन सपाट छोटे चमचे मीठ चोळून तासभर चाळणीत ठेवा. बाहेरच्या खारटपणाकडे पेशींतलं पाणी ओढलं जातं आणि खालच्या भांड्यात टपटपू लागतं. कोबी लवचीक होतो, पण दाताखाली करकरतो. धुऊन, फडक्यात घट्ट पिळून, किसलेल्या गाजरासह चक्क्यात कालवा. ही पायरी गाळली, तर ताटात ताकातला कोबी उरेल.

वरून मीठ मात्र चाखूनच घाला. पिळलेल्या कोबीत ते आधीच मुरलेलं असतं.