हेलिओसचा भोवरा आणि इतर गैरसमज

हेलिओस ४४-२ घरी आली त्या दिवशी मी घाईघाईने आईला गच्चीवर नेलं, पाण्याच्या टाकीपुढे उभं केलं आणि फोटो काढला. ज्या फोटोंना भुलून ही लेन्स घेतली होती, त्यांत चेहऱ्याभोवती पानं गरगर फिरताना दिसत होती. माझ्या फोटोत आई छान आली होती, पण तिच्यामागे नुसता करडा, मऊ सिमेंटचा पडदा. भोवरा नावालाही नव्हता. विकणाऱ्याने फसवलं, असं वाटलं. त्याने फसवलं नव्हतं, मीच टाकीपुढे उभं केलं होतं.

झेनिट या सोव्हिएत कॅमेऱ्याबरोबर मिळणारी, ५८ मिमी आणि एफ/२ ची ही लेन्स मूळ जर्मनीतल्या कार्ल झाइस येनाच्या बायोटारवरून उचललेली. आज मिररलेस कॅमेऱ्यावर लावून पोर्ट्रेट काढणाऱ्यांत ती पुन्हा चलतीत आहे. ‘कॅरॅक्टर’ हा शब्द तिच्याबद्दल इतका वापरला जातो, की ते कुठून येतं हे विचारायचं राहून जातं.

‘जुनी लेन्स लावली की भोवरा आपोआप येतो’

फोकसच्या बाहेरचा प्रकाशाचा प्रत्येक ठिपका सेन्सरवर चकती होऊन पडतो. फोटोच्या मध्याजवळ ही चकती गोल असते. कडेला मात्र प्रकाश लेन्समध्ये तिरका शिरतो, आणि नळीची पुढची व मागची कड त्याचा थोडा थोडा भाग कापते. उरतो तो लिंबाच्या फोडीसारखा किंवा मांजराच्या डोळ्यासारखा आकार. या फोडी फोटोच्या मध्याभोवती फेर धरल्यासारख्या आडव्या मांडल्या जातात, आणि डोळ्याला गिरकीचा भास होतो. प्रतिमेचं प्रतल सपाट न पडता वाकतं, त्याचीही यात भर पडते.

म्हणजे निम्मा भोवरा लेन्समध्ये असतो आणि निम्मा माणसाच्या मागे. मागे ठिपके हवेत: पानांच्या फटींतून दिसणारं आकाश, ओल्या झुडपावरचं ऊन, दिव्यांची माळ. सिमेंटच्या टाकीवर फोडी करायला ठिपकेच नव्हते. माणूस दीड-दोन मीटरवर आणि झाड त्याच्या बरंच मागे हवं. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं हवं, कारण एफ/४ पर्यंत गेलात की नळीच्या कडेआधी अ‍ॅपर्चरच प्रकाश अडवतं, चकत्या पुन्हा गोल होतात आणि फेर मोडतो. आणि सेन्सर फुल फ्रेम हवा. एपीएस-सी सेन्सर नेमक्या त्याच कडा कापून टाकतो जिथे मजा असते. तिथे हेलिओस बरीच सभ्य वागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला आंब्यापुढे उभं केलं. आला भोवरा. जरा जास्तच आला.

‘फास्ट लेन्स म्हणजे झटकन फोकस होणारी’

फास्ट म्हणजे जास्त प्रकाश आत घेणारी, त्यामुळे शटर जलद ठेवू देणारी. फोकसशी या शब्दाचा काही संबंध नाही. उलट अशा मॅन्युअल लेन्सची फोकसची रिंग पुष्कळ लांब फिरते, आणि बारीक फोकस करताना तेच उपयोगी पडतं.

‘इतक्या उघड्या लेन्सवर हाताने फोकस जमतच नाही’

हा समज निराधार नाही. डीएसएलआरवर ज्यांनी प्रयत्न केला त्यांचा तो अनुभवच आहे. फिल्मच्या जुन्या एसएलआरमध्ये फोकसिंग स्क्रीनच्या मध्यभागी दुभंगलेलं चित्र जुळवायची सोय असायची. ऑटोफोकस आल्यावर ती गेली आणि स्क्रीन अधिक उजळ झाला, पण त्यात साधारण एफ/२.८ च्या पलीकडची धूसरता खरी दिसतच नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये धारदार आणि फोटोत डोळा मऊ, हा प्रकार तिथून आला. मिररलेसमध्ये आपण थेट सेन्सरवरचंच चित्र बघतो, आणि ते पाच-दहा पट मोठं करता येतं.

मुळात जागा किती मिळते ते पाहा. फुल फ्रेमवर, नेहमीच्या हिशेबाने, ५८ मिमी आणि एफ/२ ला एक मीटरवर फोकसमध्ये राहणारी खोली सुमारे साडेतीन सेंटीमीटर. ५० मिमी आणि एफ/१.२ ला पावणेतीन, एफ/०.९५ ला दोनच्या जरा वर. फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडलात तर याहूनही कमी वाटते. पण हेलिओस घेऊन दोन मीटरवर गेलात तर तीच खोली जवळपास चौदा सेंटीमीटर होते. अंतर दुप्पट, खोली चौपट. नवीन माणूस नेमका याच्या उलट करतो: लेन्स हातात आली की जवळ जवळ सरकतो.

फोकस पीकिंगवर, म्हणजे कडांवर लाल-पिवळा रंग चढवणाऱ्या सोयीवर, डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ती फोकस मोजत नाही, ठळक कडा शोधते. जुन्या लेन्सचं चित्र उघड्या अ‍ॅपर्चरला मऊ असतं. भुवई आणि पापणी दोन्ही लाल होतात आणि बुबुळ कोरडंच राहतं. माझी पद्धत अशी: चित्र मोठं करायचं, जवळच्या डोळ्याच्या पापणीवर रिंग आणायची, मग रिंग सोडून स्वतःच केसभर मागेपुढे झुलत तीन-चार फोटो घ्यायचे. त्यातला एक लागतो. अंगणभर पळणाऱ्या पोराचे फोटो काढायचे असतील तर मात्र ऑटोफोकसची लेन्स घ्यावी. तिथे हट्ट कशाला.

स्टॅन्ली क्युब्रिकच्या १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मधले मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग झाइसच्या ५० मिमी, एफ/०.७ लेन्सवर चित्रित झाले. ही लेन्स मूळ नासासाठी बनवलेली. फोकस सांभाळायला त्यांनी बाजूने एक व्हिडिओ कॅमेरा लावून नटांचं अंतर पडद्यावर पाहिलं. आपल्याकडे तो पडदा आता व्ह्यूफाइंडरातच असतो.

‘जितकं उघडं, तितकं पोर्ट्रेट सुंदर’

जवळून काढलेल्या चेहऱ्यात डोळे आणि कान यांच्यात सहज आठ-दहा सेंटीमीटरचं अंतर असतं. साडेतीन सेंटीमीटरमध्ये हे बसत नाही, आणि चेहरा जरा वळला की दुसरा डोळाही हातचा जातो. अ‍ॅपर्चर बंद करायला लाजू नये. हेलिओस एफ/२.८ ला वेगळीच लेन्स वाटते: भोवरा थोडा उरतो आणि त्वचेवरची दुधाळ झाक जाते. ती झाक हवी की नको हे चेहऱ्यावर ठरतं. आजीच्या सुरकुत्यांवर मी ती कधीच ठेवत नाही.

भर उन्हात आणखी एक अडचण येते. आयएसओ १०० ला एफ/२ साठी शटर सुमारे १/६४०० लागतं, एफ/१.२ साठी १/१८००० च्या आसपास. बऱ्याच कॅमेऱ्यांचं यांत्रिक शटर १/४००० किंवा १/८००० ला थांबतं. त्यातून इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन चालू असेल तर अशा वेगात मागच्या चकत्या अर्ध्या कापल्यासारख्या येतात, आणि लोक दोष लेन्सला देतात. ते बंद करून पूर्ण यांत्रिक शटर वापरावं, किंवा ४९ मिमीचा एनडी ८ फिल्टर लावावा. मग एफ/२ ला १/८०० पुरतं.

‘अ‍ॅडॅप्टरमुळे चित्राचा दर्जा जातो’

मिररलेसवरच्या साध्या अ‍ॅडॅप्टरमध्ये काचच नसते. ती एक पोकळ नळी असते. हेलिओससारख्या एम४२ आट्यांच्या लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं. सोनी ई-माउंटचं अंतर १८ मिमी, म्हणून मधली नळी २७.४६ मिमीची. निकॉन झेडचं १६ मिमी, म्हणून २९.४६. काचेचा अ‍ॅडॅप्टर लागायचा तो निकॉनच्या जुन्या एफ-माउंटवर, कारण त्याचं स्वतःचंच अंतर ४६.५ मिमी; लेन्स आत घुसवल्याशिवाय दूरचं फोकस होणार कसं? तिथे खरोखर दर्जा जायचा. ती कुजबुज मिररलेसच्या काळातही टिकून आहे.

स्वस्त नळीचे तोटे वेगळे. ती किंचित जाड असली तर अनंतावर फोकस पोचत नाही, आतून चकचकीत असली तर कॉन्ट्रास्ट पडतो. आतून काळा, खरबरीत रंग असलेली बघून घ्यावी.

लेन्स लावली आणि शटरच दाबलं जात नाही? लेन्स बिघडलेली नाही. मेन्यूत ‘लेन्स नसतानाही शटर चालू द्या’ अशा अर्थाची सोय असते, ती चालू करा. अ‍ॅपर्चर बदलूनही चित्रात फरक पडत नसेल, तर बऱ्याच एम४२ लेन्सवर ए आणि एम अशी खिट्टी असते. ती एमवर आणा. हेलिओस ४४-२ ला ती नाही, तिच्या दोन रिंगा असतात: एक मर्यादा ठरवते, दुसरी उघडझाप करते.

‘बॉडीतलं स्टॅबिलायझेशन जुन्या लेन्सवर चालत नाही’

चालतं. फक्त ५८ हा आकडा कॅमेऱ्याला आपण सांगावा लागतो, ५८ नसेल तर त्याच्या जवळचा. लेन्स बदलली की आकडाही बदला. १३५ चा आकडा तसाच ठेवून ५८ लावली तर कॅमेरा गरजेपेक्षा जास्त सावरतो आणि फोटो हलतो.

‘एपीएस-सीवर ५८ ची ८७ होते’

लेन्स ५८ चीच राहते, फक्त चौकट ८७ इतकी अरुंद होते. उजेडाच्या हिशेबाला एफ/२ हे एफ/२ च. मात्र तेवढ्याच चौकटीतली पार्श्वभूमी फुल फ्रेमवरच्या एफ/३ इतकी धूसर दिसते. आणि ‘८५ ने चेहरा सुंदर येतो’ हेही अर्धंच खरं. नाक मोठं दिसतं ते अर्ध्या मीटरवर गेल्यामुळे, लेन्समुळे नाही. लांब लेन्स आपल्याला मागे सरकायला लावते, एवढंच तिचं श्रेय.

‘कॅरॅक्टर म्हणजे जुन्या काळचं अपुरं तंत्र’

हा समज मला सगळ्यात जास्त खटकतो. योझेफ पेट्झवालने १८४० मध्ये व्हिएन्नात पोर्ट्रेटची लेन्स गणिताने मांडली, तिचं एफ/३.६ त्या काळात भलतंच फास्ट होतं. उजेड वाढवण्यासाठी कडा सैल सोडल्या, कारण पोर्ट्रेटमध्ये चेहरा मध्यावर असतो. हा हिशेब होता, अज्ञान नव्हे. आणि २०१३ मध्ये लोमोग्राफीने तीच रचना पुन्हा बाजारात आणली, क्रास्नोगोर्स्कमधल्या झेनिटच्या कारखान्यात बनवून. कोसिनाने फोगलँडरच्या नावाने काढलेल्या ‘नॉक्टन क्लासिक’ लेन्स एकाच थराच्या कोटिंगमध्येही मिळतात, मुद्दाम. ज्याला उजेडाची ओघळ हवी त्याच्यासाठी. आजच्या काळात दोष ठेवायलाही इंजिनिअर लागतो.

‘पिवळी पडलेली काच वाया गेली’

सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या नंतरच्या आवृत्तीत थोरियमयुक्त काच आहे, आणि ती वर्षांनुवर्षांत पिवळसर होते. अतिनील दिव्याखाली किंवा उन्हात काही दिवस ठेवली की बराचसा पिवळेपणा जातो. (पुढचं झाकण काढून उन्हात ठेवलेली लेन्स पडद्याजवळ नको, भिंग ते भिंगच.) किरणोत्सर्ग खरा आहे पण अल्प. फोटो काढण्यापुरता घाबरण्यासारखा नाही. मात्र ती काच घासू-फोडू नये.

आपल्याकडे खरी भीती बुरशीची. बुरशी लागलेली लेन्स शेजारच्या सगळ्यांना ‘लागण’ करते म्हणून तिला घराबाहेर काढणारे मी पाहिलेत. पण बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. त्यांना रुजायला लागतो तो दमटपणा. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात बंद कपाट आणि चामड्याचं केस याहून चांगली शेती नाही. हवाबंद डबा, त्यात आर्द्रतामापक आणि निळं सिलिका जेल, आणि काटा चाळीस-पन्नास टक्क्यांवर. जेल गुलाबी झालं की मंद आचेवर गरम करून पुन्हा निळं करायचं, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नाही, कारण तो निळा रंग बऱ्याचदा कोबाल्ट क्लोराइडचा असतो. आईने त्यासाठी कान तुटलेली एक जुनी कढई दिली आहे, आणि कोणी चुकून तिच्यात पोहे करू नयेत म्हणून तळाला लाल रंगाने मोठी फुली मारून ठेवली आहे.