आवाजाची गोधडी आणि आवाजाचा गूळ

गॅस सिलिंडरसाठी किंवा बँकेत चौकशीसाठी फोन लावला, की पलीकडून गोड आवाज येतो, ‘मराठीसाठी एक दाबा.’ या बाई काही दिवसभर फोनपाशी बसलेल्या नसतात! त्यांचा आवाज आधीच स्वच्छ ध्वनिमुद्रित करून ठेवलेला असतो. मग फोनवर तो डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा का येतो? चला, शोधून काढू या.

संगणकात आवाज साठवायचा म्हणजे त्याची मापं घ्यायची. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मापं घेतात, तीही डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंची. प्रत्येक माप १६ बिटांचं. बिट म्हणजे ० किंवा १. करा गुणाकार! सेकंदाला १४,११,२०० बिट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे मिनिटाला एक कोटीहून जास्त बाइट!

एवढी मोठी फाइल लहान करायचे मार्ग दोन. पहिला गोधडीचा. गोधडीची घडी घातली की जागा कमी लागते, आणि उलगडली की एक टाकाही कमी नाही. २००१ साली आलेली ‘फ्लॅक’ ही पद्धत अशीच. पण तिनं फाइल साधारण निम्मीच होते.

दुसरा मार्ग गुळाचा. उसाचा रस आटवून गूळ केला की गोडवा राहतो, पण गुळाचा पुन्हा ऊस होत नाही! फोनसाठी हाच मार्ग धरावा लागतो.

आधी डावी-उजवी बाजू एक करतात. मग फार उंच सूर गाळून टाकतात. बोलणं समजायला ३०० ते ३,४०० हर्ट्‌झचे, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं असलेले सूर पुरतात. आता सेकंदाला ८,००० मापं बस्स!

खरी गंमत पुढेच. १९९१ साली फिनलंडमध्ये सुरू झालेल्या जीएसएम मोबाइलची पद्धत पाहा. ती सेकंदाचे ५० तुकडे करते. एका तुकड्यात १६० मापं. एवढ्याशा वेळात आपल्या तोंडाचा आकार फारसा बदलत नाही. शिवाय ‘आऽऽ’ म्हटलं, की तीच लाट पुन्हा पुन्हा येते. मग सगळी मापं कशाला पाठवायची? तोंडाचा आकार कसा होता, लाट किती वेळानं परत आली आणि उरलेला फरक साधारण किती, एवढंच कळवायचं. तुकड्याला २६० बिट, सेकंदाला १३,०००. मिनिटाला एक लाख बाइटसुद्धा नाहीत. सीडीच्या शंभरावा हिस्सा!

पण काय गमावलं? ‘स’ची शीळ बरीचशी ३,४०० हर्ट्‌झच्या वर असते, ती गेली. म्हणून तर फोनवर ‘फ’ की ‘स’ कळत नाही आणि आपण ओरडतो, ‘अहो, सशातला स!’ शिवाय ही युक्ती एका माणसाच्या गळ्यासाठी. तबला-पेटी एकदम आली, की ती गडबडते. फोनवर थांबवून ठेवताना लावलेलं गाणं म्हणूनच खरखरतं.

आता एक काम करा. घरात आजीच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या असतील, तर पाठवायला लहान फाइल खुशाल करा. पण मूळ फाइल पुसू नका हं! लहान फाइल पुन्हा मोठी केली, तर फक्त आकडे वाढतील. आजीच्या आवाजातला गेलेला बारकावा परत यायचा नाही. गूळ वाटा, पण ऊस जपून ठेवा!