तोकामाचीतली शाळा

भाईंदर सुटलं की गाडी लगेच पुलावर चढते. चाकांचा आवाज बदलतो, दारातली मंडळी वाऱ्याला तोंड देतात, कुणीतरी निर्माल्याची पिशवी खाडीत भिरकावून हात जोडतं. मग पाणजू बेट, पुन्हा पूल आणि नायगाव. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून ही खाडी म्हणजे जिल्ह्याची हद्द. आम्ही मीरा-भाईंदरवाले ठाण्यात राहिलो आणि डहाणू, तलासरी, जव्हार हा वारल्यांचा मुलूख पलीकडे गेला. त्याआधी कागदोपत्री तरी आम्ही एका घरचे होतो.

घरचे म्हणायला तोंड मात्र नाही. आमच्या शहरात वारली चित्र जागोजाग दिसतं. सोसायटीच्या कुंपणभिंतीवर, हॉटेलच्या मेन्यूवर, लग्नपत्रिकेवर, चादरीवर, दिवाळीच्या पणत्यांवर. दोन त्रिकोण, एक गोळा, चार काड्या, झाला माणूस. अशी पंधरा माणसं हात धरून गोल फिरवली की झालं वारली. रंगारी दुपारच्या जेवणाआधी भिंत उरकतो. खाली कोपऱ्यात नाव असतं, पण ते निधी आणणाऱ्याचं. चित्र कुणी काढलं हे कुणी विचारत नाही. वारली चित्र ‘वारली लोक’ काढतात, त्यात अमुक एक माणूस नसतो, असं आपण धरूनच चाललेलो असतो. मीही बरीच वर्षं तसंच धरून होतो.

या समजुतीला धक्का बसावा अशी एक जागा जपानमध्ये आहे. टोकियोहून शिंकान्सेनने उत्तरेकडे निघायचं, डोंगराखालचा लांबलचक बोगदा ओलांडून एचिगो-युझावाला उतरायचं. यासुनारी कावाबातांच्या गाजलेल्या कादंबरीतला बर्फाचा मुलूख तो हाच. तिथून होकुहोकु नावाच्या छोट्या रेल्वेने तोकामाचीला पोचायचं. नीगाता प्रांतातलं हे गाव किमोनोच्या विणकामासाठी आणि बर्फासाठी प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात इथे माणूस बुडेल इतकं बर्फ साचतं, छपरं फावड्याने उपसावी लागतात. उन्हाळ्यात डोंगरउतारावर भाताची खाचरं हिरवीगार होतात. जपानी लोक ज्या कोशिहिकारी तांदळाचं कौतुक करतात, तो याच बाजूचा. गावाबाहेर टेकडीवर रानात एक तळं आहे. त्या जागेचं नाव ओइके, म्हणजे ‘मोठं तळं’. तळ्यापाशी एक बंद पडलेली प्राथमिक शाळा होती. तिच्यात १९८२ मध्ये मिथिला म्युझियम सुरू झालं.

म्युझियम म्हटल्यावर डोळ्यांपुढे काळा घोड्याचा घुमट आणू नये. ही खेड्यातली शाळा आहे. वर्गखोल्यांमध्ये बिहारमधल्या मधुबनीची, मध्य प्रदेशातल्या गोंडांची आणि आपल्या डहाणूकडची चित्रं आहेत. प्रत्येक चित्राला चित्रकाराचं नाव आहे.

हे उभं करणाऱ्या गृहस्थांचं नाव तोकिओ हासेगावा. नाव तोकिओ, पण माणूस टोकियो सोडून डोंगरात राहायला आलेला. मूळचे ते संगीतवाले. १९६९ मध्ये ताकेहिसा कोसुगी यांच्याभोवती जमलेल्या एका प्रयोगशील जपानी चमूत ते होते आणि त्या चमूचं नाव होतं ‘ताज महाल ट्रॅव्हलर्स’. नावाला जागून ही मंडळी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपातून गाडीने प्रवास करत खरोखर ताजमहालापर्यंत आली. अशा माणसाने पुढे बर्फातल्या शाळेत बिहारची चित्रं टांगली याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. त्यांनी नुसती चित्रं नेली नाहीत, चित्रकारांना नेलं. तिकीट काढून बोलवायचं, महिनोन् महिने राहायला जागा द्यायची आणि काढू द्यायचं. मधुबनीच्या गंगादेवी तिथे राहिल्या. डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे राहिले.

आता गंजाडकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे सुरू होते.

वारल्यांच्या घरात चित्र निघायचं ते लग्नाला. कुडाच्या भिंतीवर शेणामातीचा हात फिरवायचा, वर गेरू सारवायचा. तांदूळ भिजवून वाटायचे, पातळ करायचे. बांबूची काडी घ्यायची, तिचं टोक दातांनी चावून कुंचल्यासारखं मऊ करायचं. मग सवाशिणी भिंतीपुढे बसून चौक लिहायच्या. हो, ‘लिहायच्या’, वारली बोलीत चौक काढत नाहीत, लिहितात. चौकोनाच्या कडेला नक्षीच्या पट्ट्या, मधोमध पालघट देवी. शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पाचशिऱ्या देव. लग्न लावणारी धवळेरी गाणी म्हणते, देवांना बोलावते, आणि ती गात असताना चित्र पुरं होत जातं. चौक नसेल तर लग्न लागत नाही. लग्न झालं, पावसाळे गेले, भिंत पुन्हा सारवली, चित्र गेलं. त्याबद्दल कुणी हळहळत नाही.

या चौकाखालीही नाव नसतं, हे मान्य केलं पाहिजे. पण पाड्यावर ते लागतच नाही. कुणाच्या हातची रेघ बारीक, कुणाचं झाड डौलदार, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. अमुक घरी लग्न आहे तर अमुक बाईला बोलवा, इतकी ओळख चित्राला असते. चित्र पाड्यावरून शहरात आलं, वाटेत बाई गळाली आणि नक्षी तेवढी उरली.

जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ चा. लहानपणी आई गेली तेव्हा पोराची वाचाच बसली. कित्येक वर्षं तो बोलत नसे, जमिनीवरच्या धुळीत रेघा ओढून सांगे. पुढे हा पुरुष बायकांचं काम करू लागला आणि लग्न नसतानाही करू लागला. रोज काढायचा. पाड्यावर कुणी भुवया उंचावल्या असतील, कुणी हसलं असेल. पण सणाचं चित्र रोजचं झालं की त्यात रोजच्या गोष्टी येतात. देवचौकाच्या बाहेरची शेतं, मुंग्यांचं वारूळ, भाताची मळणी, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा वेढा.

त्यांच्यापर्यंत पोचलेला माणूस म्हणजे मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी. १९६६-६७ च्या दुष्काळात हस्तकलांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या पुपुल जयकरांनी कुलकर्णींना बिहारला पाठवलं होतं. मिथिलेतल्या बायका घराच्या भिंतींवर जे काढतात ते कागदावर काढवून घ्यावं, विकावं, चार पैसे त्यांच्या हातात पडावेत, असा तो बेत होता. तो फळाला आला. मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कुलकर्णी डहाणूच्या बाजूला आले, पाड्यांवर राहिले, म्हसे यांच्या हाती कागद दिला. आज जगभर ज्या दोन भारतीय लोकचित्रशैली ओळखल्या जातात, त्या दोन्हींच्या भिंतीपासून कागदापर्यंतच्या वाटेवर हा एकच मराठी माणूस उभा आहे. १९८३ मध्ये तो गेला. तोकामाचीच्या शाळेत मधुबनी आणि वारली एकाच छपराखाली आहेत. जपान्यांना कल्पना असो-नसो, ती कुलकर्णींचीच मांडणी आहे. महाराष्ट्रात त्यांच्या नावाचा एखादा चौक असायला हरकत नव्हती, वारली अर्थाने किंवा आपल्या अर्थाने.

पुढचं भराभर सांगता येतं. १९७५ मध्ये मुंबईत केमोल्ड गॅलरीत म्हसे यांचं प्रदर्शन झालं. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग या नामांकित इंग्रज कलावंताबरोबर जोडप्रदर्शन. २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ ला निधन. मुलगे सदाशिव आणि बाळूही चित्रकार झाले.

तोकामाचीने म्हसे यांच्यासारख्यांना काय दिलं? पैसे दिले, मान दिला, ते इतरांनीही दिलं. माझ्या मते त्या शाळेची खरी देणगी म्हणजे रिकामा वेळ आणि मोठा पृष्ठभाग. मेळ्यात बसलेल्या चित्रकाराला गिऱ्हाईक सांगतं, दोन बाय दोनमध्ये लग्न आणि तारपा दोन्ही बसवा, तासाभरात येतो. तसं चित्र तासाभराचंच होतं. म्हसे यांचं मासे पकडायच्या जाळ्याचं चित्र कधी नीट बघा. जाळ्याचा एकेक डोळा केसाएवढ्या रेघेने काढलेला, हजारो डोळे, आणि त्या सगळ्याला मिळून हवेत फेकलेल्या जाळ्याचा झोल. कोळी कडेला, बोटाच्या पेराएवढा. उत्तनच्या किनाऱ्यावर जाळी सुकताना आम्ही रोज बघतो, पण तो झोल असा कधी दिसला नव्हता. याला गिऱ्हाईकाचा तास पुरत नाही. दिवसामागून दिवस त्याच फळ्यापुढे बसायची मुभा लागते.

पण ही गोष्ट गोड करून सांगितली तर ती खोटी होईल. त्याच शाळेत जनगढसिंह श्याम राहत होते. पाटणगढचे गोंड, भोपाळच्या भारत भवनाने पुढे आणलेले, १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात गेलेले. गोंड चित्रकलेची आजची शैली त्यांच्याच हातून घडली. ३ जुलै २००१ ला तोकामाचीत त्यांनी आत्महत्या केली. घरी लिहिलेल्या पत्रांत परतीची ओढ होती. भारतात कलावंत खवळले. कोणत्या अटींवर नेलं होतं, मुक्काम का लांबला, दूतावासाने काय केलं, असे सवाल उठले. लोककलावंताला परदेशी पाठवताना लेखी करार असावा, भाषा जाणणारं माणूस सोबत असावं, ही मागणी तेव्हापासून जोराने होऊ लागली.

मी या घटनेचा न्यायाधीश होणार नाही. पण वर ज्याला रिकामा वेळ म्हटलं, त्याची दुसरी बाजू ही आहे. ज्या माणसाचं चित्र गाण्यातून येतं, गोतावळ्यातून येतं, त्याला भाषा न कळणाऱ्या डोंगरात महिनोन् महिने ठेवायचं म्हणजे काय? मुंबई-पुण्याचा चित्रकार परदेशी शिष्यवृत्तीवर जातो तेव्हा त्याच्याकडे इंग्रजी असते, एखादा ओळखीचा असतो, परतीचं तिकीट स्वतःच्या खिशात असतं. पाड्यावरच्या माणसाकडे बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. त्याचं येणं-जाणं दुसऱ्याच्या हातात असतं आणि कौतुक करणारेही हे विसरतात.

२३ ऑक्टोबर २००४ ला नीगाता प्रांताला मोठा भूकंप झाला. त्यात शाळेचंही नुकसान झालं, काही काळ म्युझियम बंद राहिलं, मग पुन्हा उघडलं.

या कथेला उलटा टाकाही आहे. २०१० नंतरच्या दशकात जपानी चित्रकार गंजाडच्या परिसरातल्या शाळांमध्ये येऊ लागले. वॉल आर्ट फेस्टिव्हल नावाच्या उपक्रमात ते वर्गांच्या भिंती रंगवत, भारतीय चित्रकार आणि वारली चित्रकार बरोबर असत आणि पोरं भोवती कोंडाळं करून बसत. म्हणजे वारली चित्रकार जपानच्या शाळेत आणि जपानी चित्रकार वारल्यांच्या शाळेत. मधल्या मधे आम्ही, खाडीच्या अलीकडचे, दोघांचेही प्रेक्षक नाही.

वारली चित्रांना आता भौगोलिक मानांकन आहे. त्याने चादरीवाल्याला थोडा चाप बसेल, बसावा. पण मानांकन मुलखाचं असतं. अमुक जाळं अमुक माणसाने काढलं, एवढी बारीक नोंद त्यात कुठून असणार?

यंदा दिवाळीआधी आमच्या सोसायटीचं रंगकाम आहे. सर्वसाधारण सभेत कुणीतरी हमखास म्हणणार, कुंपणाच्या भिंतीवर मस्त वारली काढून घेऊ. तुमच्याकडेही म्हणत असतील. त्या वेळी माझं एवढंच मागणं आहे. ठेकेदाराला सांगण्याआधी एका रविवारी सेक्रेटरीने भाईंदरहून विरार आणि विरारहून डहाणू लोकल धरावी. एप्रिल २०१३ पासून ती धावते आहे. डहाणू रोडला उतरून गंजाडला जावं, चित्रकाराची भेट घ्यावी, बिदागी त्याला विचारावी, ती कमी करायची घासाघीस करू नये. राहायला पाहुण्यांची खोली द्यावी आणि किती दिवस लागतील ते त्यालाच ठरवू द्यावं. भिंत पुरी झाली की खाली कोपऱ्यात त्याचं नाव गावासकट त्याच्याच हाताने लिहून घ्यावं. कमिटीची नावं गेटवरच्या पाटीवर आहेतच.