गोंगाटातून लहर शोधणारे गणित

गुरुत्वीय लहरी टिपणारे यंत्र भारतात उभारावे, हा पुण्याच्या ‘आयुका’तील भौतिकशास्त्रज्ञ संजीव धुरंधर यांचा प्रस्ताव सुरुवातीला मंजूर झाला नाही. यंत्र मिळाले नाही. गणित मात्र थांबले नाही.

या लहरींचा संकेत उपकरणातील गोंगाटात बुडालेला असतो. त्याचे संभाव्य आकार आधीच गणिताने काढून नोंदींशी ताडून पाहिले, तर तो ओळखता येतो. बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह धुरंधर यांनी १९९१ मध्ये या दिशेने पायाभूत काम केले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’ने पहिली लहर टिपली, तेव्हा तिची खात्री पटवण्यात हीच पद्धत कामी आली.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने ‘लायगो-इंडिया’ला मंजुरी दिली. एकेकाळी नाकारले गेलेले स्वप्न आता हिंगोली जिल्ह्यातील औंढ्याजवळ साकारणार आहे.